‘हुतंय की’ म्हणजे नक्की किती झालंय?

यावेळी तीन पत्रं घेतलीत. पहिलं एवढं लांब होतं की थोडं कापावं लागलं, पण शब्द त्या पोराचेच ठेवलेत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, प्लॅनिंगला होतो, आता रिटायर, त्यामुळं उत्तरात मधनंच भट्टीचा धूर येणार, चालवून घ्या.

प्रश्न १

काका नमस्कार. मी राजारामपुरीत राहतो, इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष आत्ताच संपलं. आमचा पाच जणांचा ग्रुप होता आणि मी लीडर. लीडर कसा झालो तर सरांनी विचारलं सीजीपीए कुणाचा जास्त आहे, माझा होता, झालं.

विषय चांगला होता खरं पार वाट लागली. गुऱ्हाळातल्या काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, सेन्सर सोडायचा, पाक किती तापलाय ते डिस्प्लेवर दिसणार, गूळ उतरायला आला की बझर वाजणार आणि मालकाच्या मोबाईलवर मेसेज. माझ्या मामाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, त्यांचा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, म्हातारा झालाय आणि याच्यामागं कोण असं मामा नेहमी म्हणतो, त्यातनं सुचलं. जुलैत विषय पास झाला, त्याच दिवशी कामं वाटली. एकाकडं सर्किट, एकाकडं सामान आणायचं, एका मैत्रिणीकडं ॲप, एकीकडं रिपोर्ट, आणि मी सगळ्यांवर लक्ष ठेवणार. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, दर रविवारी मी टाकायचो ‘कुठपर्यंत आलं रे’ आणि उत्तर यायचं ‘हुतंय की’. मला पण बरं वाटायचं, चाललंय म्हणून.

डिसेंबर परीक्षेत गेला. जानेवारीत कळलं सर्किटवाला इंटर्नशिपला पुण्याला गेलाय आणि सर्किट सुरूच नाही. ॲप तयार होतं पण जोडायचं कशाला? रिपोर्ट मात्र साठ पानांचा झाला होता, मशीन नसताना! मग मी सगळं माझ्याकडं घेतलं, पंधरा रात्री जागलो. मार्चमध्ये ट्रायलसाठी मामाला फोन केला तर म्हणाला अरे शिवरात्रीच्या आधीच बंद झालं, ऊस संपला, आता दसऱ्यालाच. शेवटी कॉलेजमध्येच इंडक्शन शेगडीवर साखरेचा पाक करून डेमो दिला. सेन्सर डीएस१८बी२० होता. डिस्प्लेवर ८५ आलं आणि ८५ च राहिलं. एक्स्टर्नल सर म्हणाले पाक खदखदतोय, वाफ माझ्या चष्म्यावर येतीय आणि हे ८५ कसं? पाचातल्या एकालाही सांगता आलं नाही. कसेबसे पास झालो. आता ग्रुपमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. काका मी लीडर म्हणून कमी पडलो का बाकीच्यांनी मला फसवलं? आणि इंटरव्ह्यूला हा प्रोजेक्ट सांगू का दडवू?

उत्तर

आधी ते ८५ मिटवू, कारण मला रात्री त्यानं झोप लागू दिली नाही. माझा पुतण्या याच धंद्यात आहे, त्याला फोन लावला तर तो ८५ ऐकूनच हसायला लागला. म्हणाला काका, तो सेन्सर चालू झाला की मोजायच्या आधी त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं किंवा त्याला करंट नीट मिळत नसला की तो तेच ८५ काढून देतो. म्हणजे तुझ्या डिस्प्लेवर तापमान नव्हतंच रे. सेन्सर सांगत होता की मी अजून मोजलेलंच नाही, फक्त ते आकड्यात सांगत होता म्हणून खरं वाटलं.

तुझ्या ग्रुपवरचं ‘हुतंय की’ आणि हे ८५ सख्खे भाऊ आहेत. जुलै ते डिसेंबर दर रविवारी तुला ८५ येत होतं आणि तू ते तापमान म्हणून वाचत होतास.

आपल्या कोल्हापुरात ‘हुतंय की’ हा शब्द इतका गोड आहे की तो ऐकल्यावर पुढचं विचारायला जीभच उचलत नाही. गवंडी म्हणतो, टेलर म्हणतो, मीही आयुष्यभर म्हणालोय. आमच्याकडं एकदा पंपाच्या केसिंगची ऑर्डर होती, पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं मातीचा साचा पाडतात तो नमुना, दुरुस्तीला बाहेर दिलेला. मी बोर्डावर खडूनं लिहिलं ‘पॅटर्न – चालू’, आणि तीन आठवडे रोज सकाळी तोच शब्द बघून चहा प्यायलो. पॅटर्नवाल्याला फोन केला की तो म्हणायचा हुतंय की साहेब. मग एक दिवस मोल्डिंगचा मुकादम आला आणि म्हणाला उद्यापासून मोल्ड लावायचे, पॅटर्न कुठाय? मी स्कूटरवर गेलो. आम्ही ज्या पोत्यात बांधून दिलं होतं त्याच पोत्यात, भुश्शाखाली, सुतळीची गाठसुद्धा आमचीच. ऑर्डर गेली, आणि मालक काय बोलले ते मासिकात छापता येणार नाही. त्यानंतर बोर्डावर ‘चालू’ हा शब्द मी बंद केला. लिहायचं तर डोळ्यांनी काय बघितलं ते लिहायचं, ‘वरचा अर्धा भाग झाला, कोअरबॉक्स बाकी’ असं.

तुझ्या मामाचा गुळव्या हेच करतो, आणि मला खरा राग याचा आला की तुम्ही त्याच्यासाठी मशीन करायला निघालात आणि त्याच्याजवळ एक दिवस बसला नाहीत. बसला असता तर सगळी लीडरशिप तिथं फुकट शिकायला मिळाली असती. खाली चुलवाणात चिपाडं घालणारा वेगळा, घाण्यावर ऊस लावणारा वेगळा, मळी काढणारा वेगळा, आणि गुळव्या काहिलीच्या कडेला. जाळ घालणाऱ्याला तो ‘कुठपर्यंत आलं’ असं कधी विचारत नाही, विचारलं तर तोही म्हणेल हुतंय की. तो फेस बघतो, बुडबुडा केवढा फुटतोय ते बघतो, मग थोडा पाक काढून गार पाण्यात टाकतो आणि बोटांत गोळी वळतीय का बघतो. वळली तर काहील उतरवा, नाही तर अजून जाळ. काकवी १०५-१०६ अंशाला उतरते, ढेपेचा गूळ ११६ ते ११८ ला, हे त्याला आकड्यात माहीत नसेल पण त्याची गोळी तेच मोजते. आणि अजून एक, जाळ कमी पडतोय म्हणून गुळव्या स्वतः खाली उतरून चिपाडं घालत बसत नाही. बसला तर वर पाक करपला. तू जानेवारीत काहील सोडून खाली उतरलास, पंधरा रात्री जाळ घातलास आणि त्या पंधरा रात्रीत वर बघणारं कुणी नव्हतं. कष्टाबद्दल तुला मानतो, पण ते लीडरचं काम नव्हतं.

आता बाकीच्यांचं. फसवलं म्हणू नकोस. सर्किटवाल्याला बहुतेक नोव्हेंबरातच कळलं असणार की आपल्याच्यानं होत नाही, पण सांगायचं कुणाला आणि सांगितल्यावर काय होणार? वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला लीडर कसा वागवतो यावर ती बातमी कधी येणार ते ठरतं. तू नुसतं ‘कुठपर्यंत’ विचारलंस म्हणजे त्याला अब्रू राखायला एक शब्द दिलास. त्याऐवजी ‘दाखव’ म्हणायचं होतंस. अर्धवट दाखव, बिघडलेलं दाखव, वायरींचा गुंता दाखव. पहिल्या दोन वेळेला लोकांना राग येतो, मग सवय होते.

सामानाचंही तसंच झालं. तो सेन्सर १२५ अंशांपर्यंत चालतो असं कागदावर आहे खरं, पण अर्ध्या अंशाची खात्री कंपनी उणे १० ते ८५ एवढ्यातच देते, आणि तुमचा गूळ ११८ ला. शिवाय त्याची जी पाण्यात बुडवायची वायर मिळते तिच्यावर प्लास्टिकचं कव्हर असतं, उकळत्या पाकात ते किती दिवस टिकणार? पुतण्या म्हणाला इथं थर्मोकपल, म्हणजे जास्त तापमानाला चालणारा सेन्सर, लागतं, हे त्यांना जुलैत दहा मिनिटात कळलं असतं. पण वाचायचं कुणी? आणणाऱ्याला वाटलं सर्किटवाल्यानं वाचलं असेल, सर्किटवाल्याला वाटलं तू सांगितलं असशील. पाच माणसांत दोघादोघांच्या दहा जोड्या होतात, त्या दहाही ठिकाणी एकजण दुसऱ्याच्या भरवशावर. कामं वाटताना तू वस्तू वाटल्यास, सर्किट याचं, ॲप तिचं. निर्णय कुणाचा ते वाटलंच नाहीस. ‘कुठला सेन्सर घ्यायचा हे अमक्यानं ठरवायचं आणि चुकलं तर त्यानंच सांगायचं’ एवढं एक वाक्य पाहिजे होतं.

प्लॅनिंगबद्दल तुला काय नवीन सांगू, पावसाळ्यात तू रोज सकाळी मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतोसच की. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. तिथं कुणी ‘पाणी वाढतंय की’ म्हणून गप्प बसत नाही, फूट आणि इंच सांगतात. आणि ३९ ला गावात पाणी शिरलेलं नसतं बरं का, ते एवढ्यासाठीच असतं की नदीकाठच्यांनी जनावरं हलवावीत, सामान माडीवर टाकावं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांनी ३९ ला ऐकलं होतं ते आणि ज्यांनी ‘आपल्याकडं येत नाही’ म्हटलं ते, दोघंही मी बघितलेत.

तुझ्या प्रोजेक्टला धोका पातळी होती, सबमिशनची तारीख. इशारा पातळी नव्हती. ती अशी लावायची असती: गणपती बसायच्या आत सेन्सर घरच्या चहाच्या पातेल्यात, साध्या उकळत्या पाण्यात. आपलं गाव समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळं पाणी ९८ च्या आसपास उकळतं. ९८ दाखवतंय का? नाही? ८५ दाखवतंय? मग सप्टेंबरातच घाम फुटला असता आणि सहा महिने हातात होते. खर्च गॅसचा, आणि तुझ्या आईचं पातेलं.

आणि सगळ्यात पहिली तारीख तुमची नव्हतीच, उसाची होती. गुऱ्हाळं दसरा-दिवाळीला पेटतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विझतात, हे कोल्हापूरच्या पोरांना मार्चमध्ये मामाकडनं कळावं म्हणजे काय बोलायचं. जी तारीख हलत नाही ती आधी कॅलेंडरवर ठोकायची आणि तिथनं मागं यायचं. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना हे बरोबर कळतं, कारण चतुर्थी काय पुढं ढकलता येत नाही, म्हणून मूर्तीचा ॲडव्हान्स कधी द्यायचा आणि मांडववाल्याला कधी गाठायचं हे ते उलटं मोजत येतात. कच्चं मशीन, चार वायरी लोंबकळत का असेना, नोव्हेंबरात काहिलीपर्यंत जायला पाहिजे होतं.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूनं सांगतो. आपल्याला लागणारा वेळ सगळेच कमी धरतात. १९९४ मध्ये कॅनडात काही संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचं कधी होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग विचारलं समजा जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? तर ते म्हणाले ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५-५६. म्हणजे वाईटात वाईट धरून काढलेला अंदाजसुद्धा कमी पडला! मी फौंड्रीत याच्यावर एक अडाणी उपाय करायचो, पोरानं सांगितलेल्या दिवसांची दीडपट धरायची आणि त्याला सांगायचं नाही.

पुढच्या वेळेला अजून एक कर. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००७ मध्ये ही पद्धत मांडली आणि मला ती फार पटली. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना मिसळ खायला बसव आणि सांग, समजा एप्रिल उजाडलाय आणि आपला प्रोजेक्ट पार बुडालाय, का बुडाला ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. ‘कुणाला काय अडचण आहे का’ विचारलं की सगळे कटाकडं बघत बसतात, पण बुडालाय असंच धरलं की माणूस मोकळा होतो. सर्किटवाल्यानं लिहिलं असतं ‘मी पुण्याला गेलो होतो’. तुझ्या मामाचं नाव घेऊन कुणीतरी लिहिलं असतं ‘ऊस संपला’.

इंटरव्ह्यूला सांग. सुरुवातच ८५ पासनं कर, समोर इंजिनिअर असला तर तो पहिल्या मिनिटाला हसेल आणि दुसऱ्या मिनिटाला तुला खुर्चीत नीट बसायला सांगेल. फक्त ‘आमचा एक मेंबर काम करत नव्हता’ हे वाक्य तोंडातनं काढू नकोस. आणि सर्किटवाल्याला फोन कर, भांडायला नव्हे, थर्मोकपल घेऊन दसऱ्याला मामाकडं येतोस का विचारायला. ‘हुतंय की’ म्हणाला तर एसटीचं तिकीट दाखव म्हण.

प्रश्न २

काका, मी इचलकरंजीची, बीबीएला आहे. आमचा आठ जणांचा ग्रुप, कोल्हापुरी चपलेच्या मार्केटचा सर्व्हे होता. प्रोजेक्टला कमी मार्क पडले आणि आता सगळे म्हणतात मी नुसतं नाव लावलं. पण मला कामच दिलं नव्हतं, लीडर म्हणाला तुला जमेल ते कर. माझी चूक काय?

उत्तर

अगं, ‘जमेल ते कर’ हे काम नाहीच, ती पाहुण्यांना म्हणायची गोष्ट आहे.

फ्रान्समध्ये रिंगलमन नावाचा शेतकी इंजिनिअर होता, त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, १९१३ मध्ये ते छापून आलं. एकटा माणूस जेवढा ओढतो त्याच्या आठपट आठ जणांनी ओढायला पाहिजे ना? आठ जण मिळून साधारण चौपटच ओढत होते, म्हणजे प्रत्येकाचा निम्मा जोर कुठंतरी गळला. त्याला वाटलं सगळ्यांचा हिसका एकाच वेळी बसत नाही म्हणून असं होतंय. नंतर १९७९ मध्ये अमेरिकेत लोकांना ओरडायला लावून बघितलं, आणि प्रत्यक्षात एकटाच ओरडणारा माणूससुद्धा आपल्याबरोबर बाकीचे ओरडतायत एवढ्या समजुतीवर हळू ओरडला. तेव्हा थोडा दोष ताळमेळाचा आणि थोडा आपल्या सगळ्यांच्या आतल्या आळशाचा. गावाकडच्या रस्सीखेचीत म्हणूनच एकजण बाजूला उभा राहून ‘हैशा’ म्हणतो, तो दोराला हात लावत नाही.

तुमच्या लीडरनं ‘सोमवारी चप्पल लाइनला दहा दुकानं, हा फॉर्म, संध्याकाळी सातला मला दे’ असं सांगायला पाहिजे होतं. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. आठ माणसं, आठ जिल्हे, कामाची वाटणी तर सरकारनंच करून ठेवली होती की!

पण तुझंही सांगतो, रागावू नकोस. तू किती आठवडे वाट बघितलीस? पहिल्याच आठवड्यात ‘मी फॉर्म तयार करते’ असं ग्रुपवर टाकलं असतंस तर कुणी अडवलं नसतं, उलट सुटकेचा श्वास सोडला असता. गप्प बसणाऱ्याचं काम नाही असं आपण धरतो, आणि गप्प बसणारी धरते की मला विचारत नाहीत. लीडरला एकदा भेट आणि हे जसं मला लिहिलंस तसंच बोल, मार्कांसाठी नको, अजून दोन वर्षं एकाच वर्गात बसायचंय.

प्रश्न ३

दादा, आमचा बचत गट आहे, दहा जणी. गेल्या दिवाळीत फराळाची ऑर्डर घेतली आणि चकली वेळेत झालीच नाही, लोकांना पैसे परत दिले, आमच्यात वादही झाले. यंदा परत घ्यावी का? – कसबा बावडा

उत्तर

घ्या ताई, पण निम्मी घ्या. आणि दहा जणींनी मिळून चकली करायची नाही. भाजणी एकीची, तळण तिघींचं, पॅकिंग दोघींचं, फोन फक्त एकीनंच घ्यायचे. ऑर्डर बंद करायची तारीख आजच ठरवा आणि त्यानंतर कुणाची नणंद आली तरी नाही म्हणायचं, गेल्या वेळी तिथंच घसरलं असणार. एक घाणा आठवडाभर आधी तळून सगळ्यांनी खाऊन बघा, चकली तेलात हसली तर अजून वेळ असतो. भाजणी दळून आणणारीला मात्र आत्ताच गिरणीवाल्याकडं पाठवा, दिवाळीच्या आधी आठ दिवस तिथं डब्यांची रांग रस्त्यापर्यंत येते आणि तो सगळ्यांना एकच उत्तर देतो, कुठलं ते तुम्हाला माहीत आहेच.